बिब्याची फुली

अंजनगाव सुर्जी
६ नोव्हेंबर २०२४

पंचफुलाताई, तुमच्या भावजयीचा, गीतांजलीचा नमस्कार.

पाकिटावरचं नाव पाहून तुम्ही हे न फोडताच केरात टाकलं नाही, असं धरून लिहिते. चौदा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितेय ती कामापुरती. आडपडदा ठेवत नाही. आधी फोन करून पाहिला. माझा नंबर तुमच्याकडे लागतच नाही, आणि तुमच्या कुलदीपला केला की तो दर वेळी आई देवळात गेली म्हणून सांगतो. इतकं देवदेव तुम्ही आधी करत नव्हता.

काम आमच्या खुशीचं आहे. तुमची भाची आता वीस वर्षांची झाली. बी.ए. झालं. तोंड मात्र आहे तसंच आहे, किंवा थोडं वाईटच. डाव्या बाजूला ओठांचं टोक व्रणानं आत ओढून धरलंय आणि तेवढं तोंड शिवल्यासारखं बंद झालंय. तोंड किती उघडतं ते डॉक्टर बोटं उभी धरून मोजतात. आपली तीन जातात, हिचं दीडही जात नाही. मागची दाढ किडली आहे, पण दातांच्या डॉक्टरांचा आरसा आत शिरत नाही. पोळीचे बारीक तुकडे करून, भिंतीकडे तोंड करून जेवते. लग्नाच्या पंगतीला बसत नाही. घरात ओढणी तोंडावर ठेवून बोलते, आणि मी ओरडते म्हणून आता बोलतच नाही.

नऊ वर्षांची असताना अमरावतीला एक ऑपरेशन केलं होतं, ते तुमच्या कानावर आलं असेल. तोंड उघडलं, आणि वर्षभरात परत आवळलं. काही कारणं झाली. आता अकोल्याला, तुमच्याच गावात, एक डॉक्टरीणबाई आहेत, याच कामाच्या. त्या म्हणतात, व्रण काढून गालाच्या आतलं मऊ अस्तर बाहेर घेऊ आणि ओठांचा नवा कोपरा करू. पण खरं काम त्याच्यानंतरचं आहे. प्लास्टिकची एक चाप मापानं बनवतात, ती ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत बसवून तोंड ताणून धरायचं. जेवणाची वेळ सोडून दिवसरात्र, सहा महिने. काढली की व्रण परत आवळतो. शिवाय पहिले तीन महिने दर आठवड्याला दाखवायला जायचं. इथून अकोटवरून बसनं जाऊन येऊन दिवस मोडतो, आणि टाके ओले असताना त्या रस्त्याचे हिसके नकोत.

म्हणून विचारते. तेवढे महिने तिला तुमच्याकडे ठेवाल का? फुलांचं वावर आणि बाजार सोडून मला निघता येत नाही, पण ते सांगण्यापुरतं. खरं हे की ती माझ्याजवळ राहिली तर ती चाप तोंडात राहणार नाही. ती रडली की मी विरघळते. तुम्ही विरघळणार नाही.

झालं ते झालं. आम्ही मनातून काढून टाकलं आहे. तुमचे भाऊसुद्धा आता तुमचं नाव निघालं की उठून जात नाहीत, बसून राहतात. मीही तुम्हाला दोष देत नाही.

उत्तर कुलदीपबरोबर कळवलं तरी चालेल.

गीतांजली


अंजनगाव सुर्जी
२१ नोव्हेंबर २०२४

ताई,

कुलदीपचा आवाज फोनवर आला. "मामी, आई म्हणते, पोरीले पाठवा. तुमी येऊ नका." एवढंच. मी चार वेळा ऐकलं. पहिलं वाक्य तुम्ही मायेनं म्हटलं असेल असं मी धरून चालले आहे. दुसरं कसं म्हटलं असेल ते मला ऐकूच आलं.

खुशी उद्याच्या पहिल्या बसनं निघते. हे पत्र तिच्याच पिशवीत आहे, लाडवांच्या डब्याखाली. पाकीट मी नीट चिकटवलं आहे. तिनं ते तुमच्या हातात द्यायचं, असं बजावलं आहे.

तिचं थोडं सांगून ठेवते. सकाळी उठल्या उठल्या बोलत नाही, तो राग नसतो. भाजीवर हिरवा सांभार चिरून जास्त लागतो. तिखट कमी, कारण ओठाच्या टोकाला चिरा पडतात. कोणी टक लावून पाहिलं की उलट त्यांच्याकडेच टक लावून पाहते, त्यावरून भांडणं होतात. हा स्वभाव आमच्याकडचा नाही, तुमच्याकडचा आहे.

डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या दिवशी मला सगळं विचारून कागदावर घेतलं. कशानं भाजलं, कोणत्या साली, किती वेळा. मी सांगितलं, गालगुंड झाले होते म्हणून घरात बिबा लावला, तो उतला, कातडी जळली, दोन हजार दहाची राखी, एकदाच. त्यांनी "एकदाच?" असं परत विचारलं. मी हो म्हटलं. तुम्हाला विचारलं तर तुम्हीही फार खोलात जाऊ नका. त्या राखीला तुम्ही माहेरी आला होता, पोरीचे गाल फुगले होते, तुम्ही बिब्याची फुली घातली आणि तिचं तोंड उतलं, हे अख्ख्या सुर्जीला पाठ आहे. आता डॉक्टरांपुढे त्याचा पाढा वाचून काय मिळणार? जुनं उकरायच्या नादात पोरीची तारीख पुढे गेली तर नुकसान तिचं.

तिच्यापुढेही तो विषय काढू नका. ती सहा वर्षांची होती, तिला फक्त आग झाल्याचं आठवतं. कोणी काय केलं ते तिला आम्ही सांगितलं तेवढंच माहीत आहे. ती तुमच्याकडे यायला तयार नव्हती. ज्या बाईनं माझं तोंड जाळलं तिच्या घरी राहू का, म्हणाली. मी म्हटलं, जा, त्या मनानं वाईट नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशी मी येणार. तुम्ही येऊ नका म्हणालात, पण दवाखाना तुमच्या घरात नाही.

गीतांजली


अंजनगाव सुर्जी
११ डिसेंबर २०२४

ताई,

ऑपरेशन होऊन आठवडा झाला. खुशी ठीक आहे असं कुलदीप रोज कळवतो. आज हातात पेन घेतलं ते आभार मानायला. पण ते शब्द लिहायला घेतले की हात दुसरीकडेच जातो.

आपण दोघी त्या बाकावर चार तास बसलो. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा होती आणि ती जागा मागायला आलेला प्रत्येक माणूस आपल्याकडे बघून पुढे गेला. तुम्ही एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या पाटीकडे बघत होता. त्या पाटीवर चपला बाहेर काढा एवढंच लिहिलं होतं, चार तास वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. सासूबाई गेल्या त्या दिवशी तुम्ही अशाच आमच्या फाटकाशी उभ्या होता. आत कोणी बोलावलं नाही, तुम्ही आला नाहीत, पाणीसुद्धा न घेता शेवटच्या बसनं परत गेलात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तांब्या भरून हातात घेतला होता. बाहेर आणला नाही.

मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. ऑपरेशन मनासारखं झालं म्हणाल्या. आपण दोघी एकदमच उठलो. आणि त्यांनी त्यांच्या स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलं. इथे कानाखाली जबड्यावर एक बारीक फुली आहे. ती वरवरची आहे, तिनं काही बिघडवलेलं नाही, ज्यानं घातली त्याचा हात मोजका होता. आणि इथे तोंडाशी आहे ते ओघळलेलं आहे, खोल आहे, पुसायला गेल्यानं पसरलेलं आहे. हे दोन्ही एकाच हाताचं वाटत नाही, म्हणाल्या. मुलीला दोनदा लावलं होतं का?

तुम्ही म्हणालात, "फुली माही." दोनच शब्द. आणि बाटली उचलून पाणी भरायला गेलात.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, आता आठवत नाही. त्यांनी जास्त विचारलं नाही, त्यांना पुढचा पेशंट होता.

ताई, त्यावरून एक सांगायचं आहे. तुमच्या फुलीनंतर दोन दिवसांत सूज उतरली नव्हती. तुम्ही अकोल्याला परत गेला होता. तेव्हा मीही थोडंसं लावलं असेल. अगदी थोडं. नक्की आठवत नाही. इतकी वर्षं झाली, दिवस सगळे एकात एक मिसळले आहेत. त्यानं काय झालं आणि तुमच्या फुलीनं काय झालं, कोण सांगणार? पण मनात आलं म्हणून लिहिलं.

पुढच्या आठवड्यात चाप बसवणार आहेत. खुशीनं तिचं नाव लगाम ठेवलंय, असं कुलदीप म्हणाला. हसले मी. बऱ्याच दिवसांनी.

गीतांजली


अंजनगाव सुर्जी
१६ जानेवारी २०२५

ताई,

परवा संक्रांतीला तुमच्या दारात आले ते न बोलावता. तुम्ही दार उघडलंत, बाजूला झालात. तिळगूळ हातात घेतलात, तोंडात टाकला नाहीत. ठीक आहे.

खुशीला पाहिलं. डाव्या बाजूला ओठांना कोपरा आहे. लाल आहे, सुजलेला आहे, पण कोपरा आहे. मी उंबऱ्यातच बसले. तिच्या तोंडात तो लगाम, दोन्हीकडून ओठ ताणलेले, लाळ पुसायला गळ्यात टॉवेल, आणि डोळ्यांतून पाणी. तिनं माझे हात धरून आपल्या तोंडाशी नेले. काढ म्हणत होती. बोलता येत नव्हतं, पण आईला कळतं. आणि माझी बोटं त्या चापेला लागलीसुद्धा.

तुम्ही ओट्याशी उभ्या होता. मागे वळलासुद्धा नाहीत. "काढ. अन् मंग आपल्या घरी घेऊन जाय."

मी हात मागे घेतले. माझ्यावर ती रागानं बघत राहिली आणि मग तुमच्या खांद्यात तोंड घालून रडली. तुमच्या, माझ्या नाही. परतीच्या बसमध्ये अकोटपर्यंत मला तेच दिसत होतं.

अमरावतीचं ऑपरेशन का वाया गेलं ते आता लिहिते. तेव्हाही चाप दिली होती, चार महिन्यांची. तिसऱ्या आठवड्यात मी काढून कपाटात टाकली. पोर रडत होती आणि मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. माया म्हणून काढली असं मी सगळ्यांना सांगितलं. माया होतीच. पण ते तोंड समोर दिसलं की मला दुसरंच दिसायचं, ते डोळ्यांआड करायचं होतं.

मागच्या पत्रात लिहिलं की थोडं लावलं असेल, आठवत नाही. मला सगळं आठवतं. तुम्ही राखीच्या सकाळी फुली घातलीत. सुईच्या टोकावर येईल एवढंच तेल, कानाखाली, आणि वरून लगेच चुना. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही निघालात. तिसऱ्या दिवशी सूज तशीच होती, पोर किरकिर करत होती. तुमचे भाऊ फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात गेले होते, सासूबाई वावरात. मला वाटलं, लावायचंच तर भरपूर लावावं. चुलीत सुई तापवली, बिब्यात खुपसली. तेल जास्त निघालं. तुम्ही पोराला मांडीवर आवळून धरायच्या, मी नुसतं बस म्हटलं. तिनं मान फिरवली. तेल गालावरून ओघळून तोंडाच्या कोपऱ्यात गेलं. मी पदरानं पुसलं, आणि पुसलं तसं ते ओठांवर पसरलं. ती ओरडली म्हणून मी तिला एक चापट मारली. चुना लावायचं लक्षातच आलं नाही.

बिब्याचा डाग धुवून जात नाही हे तुम्हाला मी काय सांगू? मी पदराचा तेवढा तुकडा कापला आणि सासूबाईंना सांगितलं, उंदरानं कुरतडला.

दुसऱ्या दिवशी फोड आले. मग ताप आला, पू झाला, दवाखाना झाला. आणि सासूबाई म्हणाल्या, पंचफुलाचाच हात वाईट लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खोटं बोलायलासुद्धा लागलं नाही, नुसती मान हलवली. आणि खरं लिहायचं तर तुमचं नाव निघालं तेव्हा मला बरं वाटलं. सुटले म्हणून नव्हे, तुमचं नाव निघालं म्हणून. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. पंचफुलाच्या हाताला गुण आहे, पंचफुलानं फुली घातली की दोन दिवसांत सूज उतरते, पंचफुला असती तर. अख्ख्या सुर्जीतल्या बाया पोरं घेऊन तुमची माहेरी यायची वाट बघायच्या. माझ्या हातची भाजीसुद्धा कोणी नावाजली नव्हती.

त्यानंतर कोणी तुमच्याकडे पोर आणलं नाही हे मला माहीत आहे. नात्यातल्या एका लग्नात नवरीला हळद लावायला तुम्ही पुढे झालात आणि ताटली दुसरीच्या हातात गेली, हेही कानावर आलं होतं. मी ते ऐकून पोळ्या लाटत राहिले.

यांना सांगायला हवं. पण सध्या त्यांना बी.पी.च्या गोळ्या सुरू आहेत, शेवंतीच्या फुलांचा तोडा चालू आहे, खुशीची चाप निघेपर्यंत घरात आदळआपट नको. जूनमध्ये सांगेन म्हणते. तुम्ही आधी सांग म्हणालात तर आधी सांगेन. म्हणजे बघा, हेही मी तुमच्यावरच ढकलून राहिले.

खुशीला काही कळू देऊ नका. एवढं एकच मागते. नवरा रागावेल, बोलणार नाही, ते मी काढीन. पोर गेली तर माझ्याकडे काही उरत नाही.

गीतांजली


अंजनगाव सुर्जी
९ फेब्रुवारी २०२५

ताई,

तीन आठवडे खुशीचा फोन नाही. मी समजत होते की तोंडात लगाम आहे, कशी बोलेल. मेसेजला उत्तर नाही, तर म्हटलं पोर आराम करत असेल. माणूस स्वतःची समजूत किती सोयीची घालतो.

काल कुलदीपला खोदून विचारलं. आधी तो देवळाच्या गोष्टी करायला लागला, मग थांबला. म्हणाला, मामी, आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. खुशीचं निपटल्याशिवाय स्वतःचं ऑपरेशन नको म्हणते. वर्षभर झालं तिला अक्षर दिसत नाही. तुमचं पहिलं पत्र मी वाचून दाखवलं होतं. खुशी आल्यापासून सगळी खुशीच वाचते.

म्हणजे बाकावर तुम्ही ती पाटी वाचतच नव्हता. आणि माझ्या हातानं चिकटवलेलं पाकीट, तिच्याच पिशवीतून गेलेलं, तिनंच फोडलं. तिला काही कळू देऊ नका हे तिनंच तुम्हाला वाचून दाखवलं. दोनदा.

जानेवारीचं पत्र कसं वाचलं तेही त्याला विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं. तो म्हणाला, जेवणाची वेळ होती म्हणून लगाम काढलेला होता. चुलीत सुई तापवली, इथपर्यंत आली आणि थांबली. तुम्ही म्हणालात, "राहू दे बेटा, मले ठाऊक हाये." तिनं ऐकलं नाही. शेवटपर्यंत वाचलं. गीतांजली हे नावसुद्धा वाचलं. मग कागदाची घडी केली, चूळ भरली, आणि लगाम उचलून स्वतःच तोंडात बसवला. तोवर रोज तुम्हाला मागे लागावं लागत होतं. जेवली नाही.

तुम्हाला ठाऊक होतं. अर्थात होतं. आपण किती तेल घेतलं हे ज्याला माहीत आहे त्याला दुसऱ्यानं किती घेतलं हे कळायला काय लागतं? मग चौदा वर्षं बोलला का नाहीत? यांनी मला माहेरी धाडलं असतं म्हणून? पोर लहान होती म्हणून? की सख्खा भाऊ एका शब्दानंही विचारत नाही, तर आपण कशाला सांगायचं म्हणून? मला विचारायचा हक्क नाही. तरी विचारते.

आज दुपारी खुशीचा फोन आला. मी तिचा आवाज ओळखला नाही. शब्द मोकळे होते, वारा न सुटता आलेले. वीस वर्षांच्या माझ्या पोरीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला आणि तो मला काय सांगत होता ते असं.

"मी वाचलं आत्याले. आता तू वाच बाबाले."

मी म्हटलं, सांगते गं, जूनमध्ये. ती म्हणाली, सांगायचं नाही, वाचायचं. तोंडी सांगशील तर अर्धं गाळशील. पत्र कुलदीपदादाबरोबर परत पाठवते. ते जसं आहे तसं वाच. मी विचारलं, आणि वाचलं तर घरी येशील? जेवण झालं, लगाम घालते, म्हणाली आणि फोन ठेवला.

गीतांजली


अंजनगाव सुर्जी
१३ फेब्रुवारी २०२५

ताई,

हे तुम्हाला खुशीच वाचून दाखवणार, हे माहीत असून लिहिते आहे. तेव्हा तुम्हा दोघींनाच लिहिते.

काल कुलदीप पत्र देऊन चहा न घेता गेला. संध्याकाळी हे ओसरीत झेंडूच्या जुड्या बांधत होते. मी समोर बसले आणि म्हटलं, एक पत्र वाचून दाखवायचं आहे, मधे बोलू नका. कोणाचं, म्हणाले. माझंच, म्हटलं. त्यांना वाटलं, मी चेष्टा करते आहे.

वाचलं. तुमच्या दारातल्या तिळगुळापासून सुरू केलं. अमरावतीच्या चापेपर्यंत ते जुड्या बांधत होते. सुईशी आले तेव्हा दोरा हातातच राहिला. मधे दोनदा पाणी प्यायले आणि परत वाचलं. संपल्यावर दिवा लावायची वेळ टळून गेली होती आणि दोघांनाही उठून तो लावायचं सुचलं नाही.

शिव्या देतील, हात उचलतील, मी सगळ्याची तयारी केली होती. त्यांनी एकच विचारलं.

"आईले ठाऊक होतं?"

मी म्हटलं, नाही. त्यांना तेच खरं वाटत होतं. तशाच गेल्या.

त्यावर ते रडले. मला वाटलं होतं खुशीसाठी रडतील. ते तुमच्यासाठी रडले, ताई. सासूबाई शेवटच्या आजारात तुम्हाला बघायचं म्हणत होत्या आणि यांनीच नको म्हटलं होतं, हे मला काल कळलं. पोरीचं तोंड जाळलं तिनं, कशाला बोलावायची, असं म्हणून त्यांनी आईला गप्प केलं होतं. माझ्या एका मान हलवण्याचं ओझं त्यांनीही वाहिलं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आज सकाळी सहाच्या बसनं ते अकोल्याला निघाले. मी डबा दिला तो ओट्यावर ठेवून गेले. हे पत्र पोचेल तेव्हा ते तुमच्याकडे येऊन गेलेले असतील. दार उघडलं असेल तर बरं. नसेल उघडलं तरी तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी आले नाही. तुम्ही येऊ नका म्हणाला होता, ते अजून मागे घेतलेलं नाही.

घरात आता मी एकटी आहे. कालच्या जुड्या तशाच पडल्या आहेत, फुलं मान टाकायला लागली आहेत. उठून पाणी मारायला हवं. उठवत नाही.

खुशी, तू विचारशील म्हणून लिहिते. एक ओळ मी गाळली होती. आत्यांचं नाव निघालं तेव्हा मला बरं वाटलं, ती. तेवढी ओलांडून मी पुढच्या ओळीवर गेले आणि ती वाचायला लागले. यांना काही कळलं नसतं. कागद माझ्या हातात होता. मग मी थांबले, मागे आले, आणि तीही वाचली.

गीतांजली